आधी ठाव, मग पाऊल

मार्गशीर्ष सरून पौष लागला की साताऱ्या-सांगलीच्या घरांत एक वार्ता बहुतेक वर्षी येऊन पोहोचते. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी दव गोठले! मग हौशी मंडळी पहाटे उठून, कानटोप्या चढवून, केळघरचा किंवा पसरणीचा घाट चढून ती शोभा पाहावयास जातात. होड्यांच्या धक्क्याच्या फळ्यांवर, गवतावर, उभ्या मोटारींच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर कोणी पिठीसाखर भुरभुरावी तसा पांढरा थर दिसतो. मुले तो बोटाने खरवडून पाहतात, थोरली माणसे हात चोळीत चहाची चौकशी करतात, आणि उन्हे वर आली की घटकाभरात सारे विरून जाते. बर्फाशी आपला घरगुती परिचय काय तो एवढाच.

परंतु आता या दोन जिल्ह्यांतील सुशिक्षित कुटुंबांचा पसारा कृष्णेच्या खोऱ्यापुरता राहिलेला नाही. वाईच्या वाड्यातली नात मिनेसोटात नोकरी करते, सांगलीच्या गावभागातला पुतण्या कॅनडात शिकतो, कऱ्हाडची सून मिशिगनमध्ये संसार मांडून बसली आहे. रविवारी सकाळी दूरध्वनीवर बोलताना त्यांपैकी कोणी सहज सांगून जातो की, येत्या शनिवारी कचेरीतील मंडळींबरोबर गोठलेल्या तळ्यावर जाणार आहोत. बर्फाला भोक पाडून त्यातून मासे धरतात, तो सोहळा पाहावयाचा आहे. हे ऐकून घरात दोन प्रकारचे उद्गार निघतात. आजी म्हणतात, “अरे, मासे? आपल्या घरात?” आणि आजोबा म्हणतात, “जाऊ दे ग, देश तसा वेश.” दोघांच्याही उद्गारांत माया आहे. मात्र जो प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा तो कोणाच्याच तोंडी येत नाही. तो प्रश्न असा की, बाळा, बर्फ किती इंच जाड आहे?

या महिन्याचे सदर त्या प्रश्नासाठी आहे.

प्रथम आपल्या वेण्णेचेच उदाहरण घेऊ. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंच. तेथील हा तलाव साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली बांधविला. हिवाळ्यातील निरभ्र व निवांत रात्री जमिनीची उष्णता आकाशात निघून जाते, थंड व म्हणून जड झालेली हवा उतारावरून ओघळून तलावाच्या सखल भागात साठते, आणि गवताच्या पात्यापाशी उष्णतामान शून्य अंशापर्यंत उतरते. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर टांगलेला उष्णतामापक त्याच वेळी काही अंश अधिक दाखवीत असतो. म्हणूनच दव गोठते, पण शेजारचा तलाव मात्र मुळीच गोठत नाही.

तलाव का गोठत नाही, याचे कारण मोठे मनोरंजक आहे. बहुतेक पदार्थ जसजसे थंड होतात तसतसे आकसतात व जड होतात. पाणीही तसेच करते, परंतु केवळ चार अंशांपर्यंत. त्याहून अधिक थंड झाले की ते उलट फुगू लागते व हलके होते. त्यामुळे तलावाचे वरचे पाणी गार झाले की खाली बुडते, खालचे त्यामानाने उबदार पाणी वर येते, आणि सगळा तलाव तळापर्यंत चार अंशांवर येईपर्यंत ही उलथापालथ चालू राहते. त्यानंतरच वरचा थर आणखी गार होऊन गोठू शकतो. वेण्णेस एका रात्रीची थंडी मिळते व दुसऱ्या दिवशी ऊन मिळते. तेवढ्याने हे काम व्हावयाचे नाही. उत्तरेकडील देशांत मात्र आठवडेच्या आठवडे पारा शून्याखाली असतो. तेथे तळ्यावर बर्फाचे झाकण धरते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, म्हणून ते झाकण तरंगत राहते आणि त्याच्याखाली, तळाशी, चार अंशांचे पाणी द्रवरूपच राहते. त्यात मासे जगतात. मंद होतात, थोडके खातात, पण जगतात. पाण्याच्या अंगी हा विक्षिप्तपणा नसता तर तळी तळापासून गोठत आली असती आणि थंड देशांत गोड्या पाण्यातील मासळी उरलीच नसती. बर्फावरील मासेमारीचे सारे रहस्य या एका गोष्टीत आहे. वर जमिनीसारखे दिसणारे झाकण असते आणि खाली जिवंत पाणी.

हा बर्फ आपल्या देशास अगदीच अपरिचित होता असेही नाही. यंत्राने बर्फ बनविण्याची सोय होण्यापूर्वी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतातील तळी हिवाळ्यात गोठली की त्यांचा बर्फ करवतीने कापून, लाकडाच्या भुश्यात गुंडाळून तो जहाजांतून देशोदेशी पाठवीत. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नामक व्यापाऱ्याने १८३३ साली ‘टस्कनी’ या जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्यास रवाना केला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला सुमारे १०० टन शाबूत पोहोचला. पुढच्याच वर्षी मुंबईसही अमेरिकन बर्फ आला. वॉल्डन नावाच्या ज्या तळ्याच्या काठी हेन्री डेव्हिड थोरो हा लेखक १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षे झोपडी बांधून राहिला, त्या तळ्यावरही बर्फ कापणाऱ्यांची टोळी आलेली त्याने पाहिली आणि ‘वॉल्डन’ या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले.

याच थोरोची दुसरी एक गोष्ट आमच्या विषयाशी अधिक जवळची आहे. वॉल्डन तळे अथांग आहे, त्यास तळच नाही, असा आसपासच्या लोकांचा समज होता. आपल्याकडे नदीच्या डोहाविषयी जसे सांगतात, कितीएक खाटांच्या दोऱ्या सोडल्या तरी तळ लागला नाही, तसलाच तो प्रकार. थोरोने १८४६ च्या हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर जाऊन, ठिकठिकाणी बर्फास भोके पाडून, दगड बांधलेली दोरी सोडली आणि तळ्याची जास्तीत जास्त खोली १०२ फूट असल्याचे नोंदविले. ज्या गोष्टीविषयी पिढ्यान्‌पिढ्या नुसते बोलणे चालले होते तिचे त्याने माप घेतले. पाण्याशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाने गाठीस बांधावे असे हे उदाहरण आहे.

आता तेथील लोक या हंगामाची तयारी कशी करतात ते पाहू. मिनेसोटा या एका राज्यात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत. उत्तर भागात नोव्हेंबरच्या अखेरीपासून आणि दक्षिण भागात डिसेंबरपासून ती धरू लागतात व मार्चपर्यंत हा हंगाम चालतो. आपल्याकडे आगोटीपूर्वी जशी घराची शाकारणी, सरपणाची व धान्याची बेगमी, छत्र्यांची डागडुजी चालते तशी तेथे नोव्हेंबरात घरोघर हत्यारे बाहेर निघतात. त्यांची नावे परकी असली तरी रूपे आपल्या ओळखीची आहेत. बर्फ ठोकून पाहण्यासाठी लोखंडी पहार, भोक पाडण्यासाठी सुताराच्या गिरमिटासारखे, पण कमरेइतके उंच गिरमीट, आणि भोकातला बर्फाचा चुरा काढून टाकण्यासाठी लांब दांड्याचा झारा. हा झारा तर बुंदी पाडणाऱ्या कोणत्याही आचाऱ्याने आपला म्हणून उचलावा! भोक जेमतेम वीतभर रुंद, म्हणून गळाची काठीही आखूड, दोन-अडीच फुटांची. काही जण भोकावर एक चौकट ठेवून निघून जातात. मासा गळास लागला की तिच्यावरचे लहानसे निशाण ताडकन उभे राहते. हे सारे सामान घसरगाडीवर लादून माणूस ती दोरीने ओढीत नेतो. बसावयास लहान तंबू किंवा लाकडी खोपटे असते. मिल लॅक्स नावाच्या मोठ्या तळ्यावर तर हिवाळ्यात अशा खोपट्यांचे गावच वसते, आणि मार्चात सरकारने ठरविलेल्या तारखेच्या आत ते सर्वांस उठवावे लागते. गळ टाकण्यास परवाना लागतो. कोणता मासा किती व केवढा धरावयाचा याचे नियम आहेत आणि लहान मासा पुन्हा पाण्यात सोडावा लागतो.

कपड्यांची तयारी हा त्यातला मोठा भाग, आणि येथे आपल्या मुलांची हटकून चूक होते. आपण उष्ण हवेची माणसे, त्यामुळे अंगालगत सुती कपडा घालण्याची सवय. परंतु सुती कपडा घामाने वा पाण्याने भिजला की ओलाच राहतो व अंगाची ऊब शोषून घेतो. लोकर भिजली तरी बऱ्याच अंशी ऊब राखते. माण, खटाव आणि जत या भागांतील धनगर भर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे उभे राहतात, त्यांस हे शास्त्र कोणी शिकविले नव्हते. अंगालगत लोकरीचा पातळ कपडा, त्यावर उबेचा जाड कपडा व सर्वांवर वारा अडविणारे कापड असे तीन थर हवेत. पायमोजे दोन घालावेत, परंतु बूट सैल असावा. घट्ट बुटात रक्ताचा प्रवाह अडून बोटे आधी गारठतात. ज्या आज्यांना विणकामाची हौस आहे त्यांनी नातवंडांस लोकरीचे मोजे अवश्य पाठवावेत.

पण कपडे, गळ, खोपटे ही सगळी दुय्यम सामग्री झाली. खरी तयारी आहे ती बर्फाचा ठाव घेण्याची.

मिनेसोटाचे नैसर्गिक साधनसंपत्ती खाते सांगते की, नवा, स्वच्छ व कठीण बर्फ चार इंचांहून कमी असेल तर त्यावर पाऊलच ठेवू नये. चार इंचांवर माणसाने चालावे, पाच ते सात इंचांवर लहान हिमगाडी न्यावी, आणि मोटारीस तर फूटभर जाडीच्या गोष्टी बोलाव्यात. कॅनडातील रेड क्रॉस याहूनही सावध आहे. एकट्याने चालण्यास सहा इंच, घोळक्यास आठ इंच आणि हिमगाडीस दहा इंच, असे त्यांचे माप. ही मापे निळसर पारदर्शक बर्फाची आहेत. हिम भिजून पुन्हा गोठल्याने जो दुधाळ पांढरा बर्फ होतो त्याची ताकद निम्मीच धरतात. म्हणजे त्याची जाडी दुप्पट हवी. आणि वसंताच्या सुरुवातीचा, आतून झिरपलेला, करडा बर्फ कितीही जाड दिसला तरी भरवशाचा नाही.

शिवाय एका ठिकाणी माप घेतले म्हणजे काम संपले असे नाही. एकाच तळ्यावर एका जागी फूटभर बर्फ असतो आणि पन्नास पावलांवर दोन इंच. जेथे ओढा तळ्यास मिळतो, जेथून पाणी बाहेर पडते, पुलाखाली, तळाशी झरा असेल तेथे, लव्हाळ्यांच्या बेटांजवळ पाणी हलते किंवा ऊब धरते आणि बर्फ पातळ राहतो. वर हिमाचा जाड थर असेल तर डोळ्यांस ते सारे सारखेच पांढरे दिसते. त्यातून गंमत अशी की हिम हे गोधडीसारखे काम करते आणि खालच्या बर्फास जाड होऊ देत नाही. म्हणून जाणती माणसे पहारीने ठोकीत पुढे जातात व दर दीडशे फुटांवर भोक पाडून नव्याने मोजतात. काल कोणी चालून गेले होते, ही साक्ष ते मानीत नाहीत. नदीचा बर्फ तर ते तळ्याच्या बर्फाहून धोक्याचा समजतात.

कृष्णाकाठच्या वाचकांस ही वृत्ती समजावून सांगण्याची गरज नाही. सांगलीत पावसाळ्याचे चार महिने घरोघर एकच चौकशी असते. इर्विन पुलापाशी पाणी किती फूट? १९२९ साली खुला झालेला हा पूल सांगलीकरांस केवळ पलीकडे जाण्याची वाट नाही, तो त्यांचा मापदंड आहे. चाळीस फुटांस इशारा, पंचेचाळिसांस धोका, हे आकडे लहान मुलासही पाठ. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर चढले तेव्हा ज्यांनी आकडा ऐकताच माळ्यावर सामान चढविले व म्हाताऱ्या माणसांस हलविले त्यांचे निभावले. पोहावयास शिकणाऱ्या पोराच्या पाठीस वाळका भोपळा बांधणारे, आषाढातल्या गढूळ पाण्यात त्यास पाऊल टाकू न देणारे, आणि डोह कोठे, भोवरा कोठे, उतार कोठे हे बोटाने दाखविणारे वडील आपल्याकडे घरोघर होते. तीच माणसे सात समुद्रांपलीकडे गेलेल्या मुलास मात्र बर्फाविषयी काही विचारीत नाहीत, कारण बर्फ म्हणजे पाणीच आहे हे त्यांच्या ध्यानात येत नाही. गोठलेले तळे छायाचित्रात पाहिले की ते मैदानासारखे वाटते.

या विसराची किंमत केवढी असते ते सांगणे क्लेशदायक असले तरी अवश्य आहे. २६ डिसेंबर २०२२ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात वुड्स कॅनियन नावाच्या गोठलेल्या तलावावर फिरावयास गेलेल्यांपैकी तिघे भारतीय, दोन पुरुष व एक स्त्री, बर्फ फुटून पाण्यात पडले आणि दगावले. ते मासे धरावयास गेले नव्हते. सुटीच्या दिवशी हिमाची शोभा पाहावयास गेलेली ती कुटुंबवत्सल माणसे होती. ॲरिझोना हे तर उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध असे राज्य, तेथे बर्फ जाड व्हावा कसा? आमच्या मते या घटनेतील बोध असा की, जो नित्य बर्फावर मासे धरतो त्याच्यापाशी पहार असते, दोरी असते, माप असते. धोका अधिक आहे तो पाहुण्यास, ज्याच्यापाशी केवळ कौतुक असते. आपल्या देशातही ही वेळ येते. जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरास पारा शून्याखाली ८.४ अंशांपर्यंत उतरला, तीस वर्षांत असे झाले नव्हते, आणि दाल सरोवर गोठले. तेव्हा त्यावर चालू-खेळू लागलेल्या लोकांस सरकारी अधिकाऱ्यांनी ताकीद दिली. आपल्याकडची तरुण मंडळी हल्ली काश्मीर-लडाखास हिवाळ्यातही जातात, हे लक्षात ठेवावे.

सर्व काळजी घेऊनही एखादा पाण्यात पडलाच तर काय करावे? मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गिजब्रेख्ट यांनी थंड पाण्याचा शरीरावर होणारा परिणाम वर्षानुवर्षे अभ्यासिला असून त्यांचे एक सूत्र ध्यानात राहण्याजोगे आहे : एक, दहा, एक. पहिले एक मिनिट श्वास सावरण्याचे. थंडीच्या धक्क्याने धाप लागते व नाकातोंडात पाणी जाते. त्या मिनिटात दुसरे काही न करता केवळ तोंड पाण्याबाहेर ठेवावे. पुढची दहा मिनिटे हातपाय चालतात. तेवढ्यात बाहेर निघण्याचा यत्न करावा. आणि बेशुद्धी येण्यास सुमारे एक तास लागतो, म्हणून धीर सोडू नये. अंगावरचे जाड कपडे काढू नयेत. त्यांत अडकलेली हवा तरंगण्यास साहाय्य करते. ज्या दिशेने आलो त्याच दिशेस तोंड करावे, कारण तिकडच्या बर्फाने आपले वजन पेलले होते. गळ्यात अडकविलेल्या, टोकदार खिळे बसविलेल्या दोन मुठी बर्फात रोवाव्यात, पाय झाडीत पोटावर सरपटत वर यावे आणि वर आल्यावर उभे न राहता लोळत दूर जावे. उभे राहिले की सगळे वजन दोन तळव्यांवर येते व बर्फ पुन्हा फुटतो.

काठावरच्याने धावत जाऊ नये, हे तर आपल्या घाटावरचेच शहाणपण आहे. बुडणाऱ्यास वाचविण्यास नुसती उडी घालणारा दुसरा बळी ठरतो, म्हणून जुनी माणसे धोतर वा दोर फेकीत. तेथेही दोरी, काठी, शिडी, जे हाताशी असेल ते लांबून द्यावे, आणि आधी ९११ या क्रमांकावर साहाय्य मागावे.

दोन धोके पाण्याचे नसून खोपट्यातले आहेत. पहिला धोका शेगडीचा. थंडीच्या रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या आपल्याकडेही येतात. गॅसच्या शेगडीनेही बंद तंबूत तोच रंगहीन, गंधहीन असा कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. वर व खाली झरोका उघडा ठेवावा आणि त्या वायूची सूचना देणारे लहानसे यंत्र जवळ बाळगावे. दुसरा धोका मद्याचा. ते घेतल्याने ऊब आल्याचा भास होतो, पण वास्तविक त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीराची ऊब वेगाने बाहेर पडते. याविषयी वडीलधाऱ्यांनी रागे न भरता कारण सांगावे. रागे भरण्यापेक्षा कारण अधिक दूरवर पोहोचते.

आता आजींच्या शंकेविषयी. आमच्या वाचकांपैकी बहुतेक घरांत मासा शिजत नाही, आणि मुलाने तो आचार परदेशी पाळावा असे वडिलांस वाटले तर त्यात वावगे काही नाही. परंतु शेजाऱ्याने प्रेमाने बोलाविले असता मुलगा बर्फावर जाऊन दोन घटका बसला, गळ हाती न धरता झाऱ्याने चुरा उपसला, आपल्या डब्यातला शिरा चारचौघांस वाटला, तर तो काही बाटत नाही. नव्या गावी माणसे जोडण्याची ती एक रीत आहे. दोन गोष्टी मात्र एका दमात सांगू नयेत. पंक्तीविषयीचा उपदेश आधी झाला की पोरे पुढचे बेत सांगेनाशी होतात, आणि मग बर्फाचा प्रश्न विचारण्याची संधीच उरत नाही. ज्या घरात मुलगा निर्धास्तपणे सांगू शकतो त्याच घरास त्यास सावध करता येते. म्हणून धोक्याची चौकशी आधी करावी; आचाराचे बोलणे तो सुखरूप परतल्यावर निवांतपणे करता येईल.

चौकशी काय करावी, ते थोडक्यात असे. बर्फ आज किती इंच आहे, आणि तो कोणी मोजला? तो निळा की पांढरा? बरोबर त्या तळ्याचा माहीतगार कोण आहे? अंगावर लाइफ जॅकेट, गळ्यात खिळ्यांच्या मुठी व गाडीत दोरी आहे का? कोणत्या तळ्यावर जाणार आणि कितीच्या सुमारास परतणार, हे घरी वा शेजारी कोणास सांगितले आहे? कोरड्या कपड्यांचा एक जोड बरोबर घेतला आहे का? या सहा प्रश्नांची उत्तरे मिळाली तर खुशाल जा म्हणावे. एकाचेही उत्तर ‘ठाऊक नाही’ असे आले, तर पुढच्या शनिवारी जा म्हणावे. तळे कोठे पळून जात नाही.

आणि हे प्रश्न परदेशापुरतेच ठेवू नयेत. २०१९ च्या त्याच महापुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांस बाहेर काढणारी नाव उलटून अनेक जीव गेले. नावेत माणसे मावेनाशी झाली होती. जीव वाचविण्याच्या घाईत हे घडले, त्यात कोणास बोल लावण्याचा आमचा हेतू नाही. परंतु नावेस किती माणसे पेलतात, लाइफ जॅकेट किती आहेत, होडी दुरुस्त आहे काय, याची मोजदाद पूर आल्यावर होत नसते. ती वैशाखातच करावयाची असते. नदीकाठच्या प्रत्येक गावाने ती दरसाल करावी आणि घरातील कर्त्या माणसांनी ती झाली की नाही हे विचारावे.

वेण्णेच्या काठी पौषातल्या पहाटे जे दव गोठते ते उन्हाने वितळून तिच्याच पाण्यास मिळते, मेढ्यावरून माहुलीस येऊन कृष्णेत शिरते आणि कऱ्हाडावरून सांगलीच्या घाटाशी पोहोचते. हिम, दव, पूर ही एकाच पाण्याची रूपे होत. रूप पालटले की त्याचे माप पालटते, परंतु माप घेण्याची गरज पालटत नाही. येत्या रविवारी मुलांशी बोलणे होईल तेव्हा हवा कशी आहे असे विचारून थांबू नका. बर्फ किती इंच आहे, हेही विचारा.